केख़ारितोमेनी आणि ख़ारितोमेनी : चर्चमधला शब्द आणि मांजरीचं पिल्लू

बंदरकाठची | २५ मार्च, रात्री १०:१५

आम्ही तीन वर्षांपासून ग्रीसमधल्या पिरेअसला आहोत. माझं ग्रीक अजून भाजीबाजारापुरतंच. भाव विचारता येतो, घासाघीस जमत नाही.

घरमालकीणबाई सत्तरीच्या आहेत. माझी पाच वर्षांची लेक जिन्यात दिसली की तिचा गाल धरून म्हणतात, "ती ख़ारितोमेनी!" म्हणजे "किती गोड!" (ग्रीक 'ती' म्हणजे किती. हा ख़ फारसी 'ख़बर'मधला, घशातून घासत येणारा.) अंगणात मांजरीची पिल्लं झाली, तर त्यांनाही तेच, फक्त नपुंसकलिंगी : "ती ख़ारितोमेनो!" फ्रॉक, कानातले, छोटासा कॉफीचा कप, सगळं ख़ारितोमेनो.

आज इथे दुहेरी सण. १८२१च्या स्वातंत्र्ययुद्धाचा दिवस, आणि तू येशूची आई होणार, असा देवदूताने मारियेला निरोप दिला तो दिवसही हाच. शाळांची संचलनं, दुपारी घरोघरी तळलेला खारवलेला कॉड आणि लसणीची स्कोर्दालिया. सकाळी बाई मला चर्चमध्ये घेऊन गेल्या. शुभवर्तमान वाचताना पाद्रीबुवा म्हणाले, "ख़ेरे, केख़ारितोमेनी." देवदूताचं मारियेला अभिवादन. मी दचकले. हा तर जिन्यातला शब्द!

बाहेर आल्यावर बाईंना विचारलं. त्या हसून म्हणाल्या, ते चर्चचं, हे आपलं. आणि विषय माशावर गेला.

तर जाणकारांनो, हा एकच शब्द आहे का? पुढचं 'के' कुठून आलं? आणि इतका पवित्र शब्द घसरत घसरत मांजरीच्या पिल्लापर्यंत पोचला कसा?

---

खवचट_काका | २५ मार्च, रात्री १०:३२

घसरण्याचं काय घेऊन बसलात. आपल्याकडे 'महाराज' स्वयंपाकघरात पोळ्या लाटतात.

(पाणी घेऊन बसलोय. अवग्रह येणारच.)

---

अवग्रह | २५ मार्च, रात्री ११:४८

आलो.

शब्द एकच आहे. मूळ नाम 'खारिस'. अर्थ कृपा, प्रसन्नता, लावण्य, उपकार, आभार, सगळं एकात. (तुम्ही रोज दुकानात 'एफ़्ख़ारिस्तो' म्हणून आभार मानता, त्यातही हाच खारिस आहे.) प्राचीन उच्चारात हा सरळ आपला महाप्राण ख होता, पुढे त्याचा घर्षक ख़ झाला. शेवटचा 'ने'सुद्धा पुढे 'नी' झाला. म्हणून प्राचीन 'केखारितोमेने', आजचं चर्चमधलं 'केख़ारितोमेनी'.

नामापासून नामधातू : 'खारितोओ'. ग्रीकमधले या 'ओओ' घराण्यातले धातू बहुतेक 'तसं करणे' या अर्थाचे. 'दूलोस' म्हणजे गुलाम, 'दूलोओ' म्हणजे गुलाम करणे. 'ल्यूकोस' म्हणजे पांढरा, 'ल्यूकोओ' म्हणजे पांढरं करणे. तसं 'खारितोओ' म्हणजे खारिसने युक्त करणे. मग त्या धातूपासून कर्मणि, पूर्णवाचक धातुसाधित विशेषण, स्त्रीलिंगी संबोधन : केखारितोमेने.

मराठीत अगदी हीच उतरंड आहे. पाणी, पाणावणे, पाणावलेले डोळे. नाम, नामधातू, धातुसाधित विशेषण.

आता तुमचं 'के'. ही द्विरुक्ती. संस्कृतचा लिट् लकार (परोक्ष भूतकाळ) आठवा : चकार, जगाम, बभूव. धातूचं पहिलं व्यंजन पुन्हा पुढे येतं, पाणिनी त्याला 'अभ्यास' म्हणतो. ग्रीक पूर्णकाळातही तेच. 'खारि'ची द्विरुक्ती खरं तर 'खेखारि' व्हायला हवी. पण लागोपाठ दोन महाप्राण नकोत म्हणून पहिला अल्पप्राण झाला : केखारि. आपल्याकडे 'भभूव' न होता 'बभूव' होतं, 'धधामि' न होता 'दधामि' होतं, ते याच चालीने. 'बभूव'चा ग्रीक भाऊ आहे 'पेफूका'. अष्टाध्यायीत यासाठी सूत्र आहे, 'अभ्यासे चर्च' (८.४.५४). युरोपात हा नियम १८६३ साली हेरमान ग्रासमान याने मांडला. स्टेटिनच्या शाळेतला हा मास्तर गणितीही होता, आणि ऋग्वेदाचा त्याने केलेला कोश अभ्यासक आजही वापरतात.

गंमत अशी की दोन्ही भाषांनी हे स्वतंत्रपणे केलं. ग्रीकने आधी भ-ध-घ यांचे फ-थ-ख केले आणि मग पहिल्याचा प्राण काढला. म्हणून तिकडे प-त-क मिळतात, आपल्याकडे ब-द-ज.

राहिला शेवटचा 'मेनोस/मेने'. हा आपला 'मान' : यजमान, वर्तमान, विद्यमान. संस्कृतमध्ये पूर्णकाळासाठी वेगळा 'आन' आहे (चक्राण). ग्रीक दोन्हीकडे 'मेनोस'च वापरते, फक्त पूर्णकाळात आघात 'मे'वर ठेवते.

---

खवचट_काका | २५ मार्च, रात्री ११:५५

म्हणजे घरमालकीणबाई आणि यजमान एकाच प्रत्ययाचे. भाडं कमी करून मागा.

---

सहज_सुचलं | २६ मार्च, सकाळी ७:२०

खारिस आणि आपला 'हर्ष' एकच का? आवाज जुळतोय.

---

अवग्रह | २६ मार्च, सकाळी ८:०५

जुळतोय, पण नातं नाही. 'हर्ष'चं मूळ काम केस ताठ उभे राहणे, म्हणून रोमहर्ष. खारिसचं क्रियापद 'खाइरो' (आनंदणे) हे वैदिक 'हर्यति'शी जोडतात, म्हणजे आवडणे, हवंसं वाटणे. देवदूताचं 'खाइरे' (आजच्या उच्चारात 'ख़ेरे') हे त्याचंच आज्ञार्थी रूप. रोजच्या भेटीत 'नमस्कार' म्हणून वापरायचे, शब्दशः 'आनंदी अस'. खाइरे, केखारितोमेने : शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने हा नाद मुद्दाम जुळवला असणार.

---

शेवंती | २६ मार्च, दुपारी १:१०

मी वसईची, रोज संध्याकाळी रोझरी (मारियेची जपमाळ) म्हणत वाढले. आमच्या मराठी प्रार्थनेत या जागी 'कृपापूर्ण' आहे. पण माझ्या एका प्रोटेस्टंट मैत्रिणीच्या मराठी बायबलात 'हे कृपा पावलेल्या स्त्रिये' असं आहे. शाळेत यावरून आमचं भांडण झालेलं. ती म्हणायची 'पूर्ण' कुठून आणलंत? मी म्हणायचे, तुम्ही कमी का केलंत?

आता कळतंय की मूळ शब्द कुणीच पाहिला नव्हता. नववीत होतो, माफ असावं.

---

तिरफळ | २६ मार्च, दुपारी ३:३५

आमच्या गोव्यात कोंकणीत : 'नमान मरिये, कृपेन भरलेले'. मराठी वाचकांना 'भरलेले' नपुंसकलिंगी किंवा अनेकवचनी वाटेल, पण ते स्त्रीलिंगी संबोधन आहे, 'भरलेली'चं. पोर्तुगीज प्रार्थनेत 'शेया द ग्रासा', म्हणजे कृपेने भरलेली. आजी पोर्तुगीजमध्ये म्हणायची, आई कोंकणीत, आणि दोघींचा सूर एकच असायचा.

---

मुळाक्षर | २६ मार्च, संध्याकाळी ६:५०

'पूर्ण' लॅटिनमधून आलं. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने जे शुभवर्तमानांचं लॅटिन भाषांतर सिद्ध केलं त्यात 'ग्रातिया प्लेना' आहे, कृपेने भरलेली. पश्चिम युरोपच्या सगळ्या प्रार्थना तिथूनच निघाल्या. पोर्तुगीज आणि कोंकणी म्हणजे नात आणि पणती.

यावर मार्टिन ल्यूथर जाम भडकला होता. त्याच्या जर्मन नव्या करारात (१५२२) त्याने 'होल्टझेलिगे' घातलं, साधारण 'लोभस, कृपाप्रिय'. टीका झाली तेव्हा १५३० साली भाषांतरावर खुलं पत्र लिहून त्याने उत्तर दिलं. कृपेने 'भरलेली' म्हटलं की जर्मन माणसाच्या डोळ्यांपुढे बिअरने भरलेलं पिंप नाहीतर पैशांनी भरलेली थैली येते, असा त्याचा टोला. आपल्याला खरं चांगलं जर्मन लिहायचं असतं तर 'लाडके मारिये' असंच लिहिलं असतं, असंही म्हणाला. माणूस भांडकुदळ, पण कान तयार.

---

पायरी_हापूस | २६ मार्च, रात्री ८:१५

ल्यूथरचा विनोद बाजूला ठेवू. व्याकरण बघितलं तर पूर्णकाळ आहे ना? पूर्णकाळ म्हणजे क्रिया पूर्ण झालेली. मग कृपा पूर्ण झाली, म्हणजे काठोकाठ. शिवाय देवदूत 'मारिये' असं नावच घेत नाही, हाच शब्द नाव म्हणून वापरतो. 'कृपापूर्ण' चूक कसं? आमच्या धर्मशिक्षणात हेच शिकवलं.

---

अवग्रह | २६ मार्च, रात्री ९:३०

नावाचा मुद्दा पक्का आहे. लूकच्या पहिल्या अध्यायात नाव पुढे तिसाव्या ओवीत येतं, अठ्ठाविसाव्यात नाही.

पण 'पूर्णकाळ' या मराठी नावाने तुमची फसगत केली. पूर्ण झाली ती क्रिया, भांडं नव्हे. ग्रीक पूर्णकाळ दोन गोष्टी सांगतो : क्रिया झालेली आहे, आणि तिचा परिणाम आत्ता, बोलण्याच्या क्षणी, टिकून आहे. किती प्रमाणात, हे तो सांगत नाही. कधीपासून, हेही नाही.

पुन्हा पाणावलेले डोळे घ्या. क्रिया झालेली आहे, पाणी आत्ता दिसतंय. पण डोळे पाण्याने भरलेत की कडेला नुसती ओल आलीय? 'पाणावलेले' त्याबाबत गप्प आहे. 'पाण्याने भरलेले डोळे' हे वेगळं विधान, त्यासाठी वेगळा शब्द वापरावा लागतो. आणि तो शब्द लूककडे होता! प्रेषितांची कृत्ये हे पुस्तकही त्याचंच. तिथे सहाव्या अध्यायात स्तेफनाविषयी 'प्लेरेस खारितोस' लिहिलंय, म्हणजे शब्दशः कृपेने पूर्ण. मारियेसाठी त्याने ते वापरलं नाही.

आता उलट बाजू. 'परिणाम टिकून आहे' हा भाग हलका समजू नका. ग्रीकमध्ये 'खारितोथेइसा' असंही रूप होतं, साध्या भूतकाळाचं. तेव्हा फक्त 'जिच्यावर कृपा झाली ती', मग पुढे राहिली की गेली कोण जाणे. 'केखारितोमेने'मध्ये ती आहे. मराठीला हा फरक इतका सहज येतो की आपल्याला तो दिसतच नाही. 'दार उघडलं' म्हटलं की क्रिया, 'दार उघडलेलं आहे' म्हटलं की स्थिती. तो जास्तीचा 'लेलं' म्हणजे ग्रीकची द्विरुक्ती. इंग्रजीतून ग्रीक शिकणाऱ्यांना यासाठी पानंच्या पानं समजावून सांगावी लागतात.

म्हणून 'कृपा पावलेली' मला व्याकरणाच्या सर्वांत जवळचं वाटतं. त्यातही एक बारीक खोट आहे. पावलेली म्हणजे तिला मिळाली, ती कर्ती झाली. ग्रीकमध्ये ती कर्म आहे, देणारा दुसरा कुणीतरी.

---

शेवंती | २६ मार्च, रात्री ९:५२

मग 'कृपांकित'? जुन्या पत्रांच्या शेवटी असायचं, 'आपला कृपांकित'. अंकित केलेला, म्हणजे करणारा दुसरा. आणि किती भरलंय याचा हिशेबही नाही.

---

अवग्रह | २६ मार्च, रात्री ९:५८

हा शब्द मला सुचायला हवा होता. मानलं.

---

पायरी_हापूस | २६ मार्च, रात्री १०:२०

ठीक, प्रमाण सोडलं. पण टिकून राहिलेली स्थिती आहे, तर ती जन्मापासूनच का नसावी?

---

मुळाक्षर | २६ मार्च, रात्री १०:४१

असू शकते, पण ते या प्रत्ययातून निघत नाही. निष्कलंक गर्भधारणेचा सिद्धांत (मारिया स्वतः आईच्या पोटात आली त्या क्षणापासून मूळ पापापासून मुक्त होती) पोप नववे पायस यांनी १८५४ साली जाहीर केला. ज्यांची ही मातृभाषा, ते ऑर्थोडॉक्स ग्रीक हा शब्द रोज म्हणतात, मारियेला अतोनात मानतात, तरी तो सिद्धांत स्वीकारत नाहीत. श्रद्धेला परंपरेचे इतर आधार आहेत, ते असोत. एकट्या 'मेने'च्या डोक्यावर एवढी हंडी नको.

---

मीठभाकर | २७ मार्च, सकाळी ११:०५

धर्म झाला असेल तर स्वयंपाकघरात या. मी थेस्सालोनिकीला सात वर्षं काढली.

आजच्या बोलीत हा प्रत्यय ठणठणीत आहे, फक्त पुढची द्विरुक्ती गळाली. कुराज़्मेनी म्हणजे थकलेली, पान्द्रेमेनी लग्न झालेली, ख़ामेनी हरवलेली, आगापिमेनी आवडलेली, लाडकी. प्राचीन 'गेग्राम्मेनोस' आता 'ग्रामेनोस', लिहिलेला. नवऱ्याने आल्या आल्या कुठे काय ठेवलंय विचारलं की माझं उत्तर ठरलेलं : 'ईमे कुराज़्मेनी.' थकलेली आहे. मराठीतून थेट, एक शब्दही हलवावा लागत नाही.

पण द्विरुक्तीवाली काही रूपं लिखित, भारदस्त भाषेतून परत आली आणि जोड्या तयार झाल्या. माझी आवडती : सुपरमार्केटात किसलेल्या चीजच्या पाकिटावर असतं 'त्रिमेनो', म्हणजे घासलेलं, किसलेलं. आणि 'तेत्रिमेनो' म्हणजे घासून घासून गुळगुळीत झालेलं, चावून चोथा झालेलं वाक्य किंवा कल्पना. धातू एकच! एक पास्त्यावर पडतं, दुसरं भाषणात.

'थ्लिमेनोस' म्हणजे उदास, कोणीही, सोमवारी सकाळीसुद्धा. 'तेथ्लिमेनी' मात्र विजेच्या खांबांवर चिकटवलेल्या निधनाच्या कागदांवर, 'शोकाकुल कुटुंबीय' या अर्थाने. (ग्रासमानचा नियम बघा, थे चा ते.) आणि क्रूसावरच्या येशूला म्हणतात 'एस्ताव्रोमेनोस'. तिथे पुढे नुसता 'ए' आहे, कारण 'स्त'ने सुरू होणाऱ्या धातूची द्विरुक्ती तेवढीच होते.

म्हणजे केख़ारितोमेनी आणि ख़ारितोमेनी ही एकटीदुकटी जोडी नाही. 'के', 'ते' लागलं की शब्दाने धुतलेलं धोतर नेसलं असं समजायचं. १९७६ साली कायद्याने शाळेत त्या भारदस्त भाषेऐवजी लोकभाषा आली, तरी ही धोतरं कपाटात राहिली आणि सणावारी निघतात.

प्राचीन भाषेतल्या बाकी धातुसाधितांचं मात्र वाईट झालं. कर्तरी रूपं लिंग, वचन, विभक्तीने चालायची, डझनावारी. आज बोलीत उरलंय एक न चालणारं 'ओन्दास' : 'ग्राफोन्दास', लिहिताना. आपल्या 'ताना'सारखं, जन्मभर एकाच कपड्यात.

---

सहज_सुचलं | २७ मार्च, दुपारी १२:१५

'जन्मभर एकाच कपड्यात' :) पण मूळ प्रश्न राहिला की. कृपेवरून गोंडसपणावर घसरण कशी झाली?

---

मुळाक्षर | २७ मार्च, संध्याकाळी ७:३०

मला वाटतं प्रश्नातच गडबड आहे. घसरण झालेलीच नाही. चर्च नंतर आलं.

होमरच्या ओडिसी महाकाव्याचा सहावा सर्ग घ्या. जहाज फुटून, खारट पाण्याने विद्रूप झालेला ओडिसियस नदीत आंघोळ करतो, आणि अथेना त्याच्या डोक्यावर, खांद्यांवर 'खारिस' ओतते, कसबी कारागीर चांदीवर सोनं चढवतो तशी. मग तो तेजस्वी होऊन किनाऱ्यावर बसतो आणि राजकन्या नाउसिका बघतच राहते. इथे खारिस म्हणजे रूप, तेज, मोहिनी. देणारी देवता, पण दिसते ती माणसाच्या अंगावर. प्राचीन कवी हेसियडच्या तीन खारितेस देवताही लावण्याच्याच.

लूकच्या आधी हे विशेषण ग्रीक जुन्या करारात एकदा येतं, सिराखच्या पुस्तकात, अठराव्या अध्यायात. तिथे गोड शब्द हा दानापेक्षा मोठा, आणि 'केखारितोमेनोस' माणसापाशी दोन्ही असतात, असं म्हटलंय. तो माणूस म्हणजे सौजन्यशील, लाघवी. हे ग्रीक भाषांतर इसवी सनापूर्वी १३२ नंतरचं, मिसरमधलं. म्हणजे लूकच्या किमान शतकभर आधी हा शब्द बाईंच्या जिन्याच्या जवळपास पोचलेला होता!

नव्या करारात धातू दोनदाच येतो. एकदा मारियेसाठी, एकदा इफिसकरांच्या पत्रात सगळ्या श्रद्धावंतांसाठी, 'एखारितोसेन', त्याने आपल्यावर कृपा केली. ख्रिस्ती लेखकांनी खारिसमधला कृपेचा धागा उचलला आणि जाड केला. घराघरांतल्या बायकांनी लावण्याचा धागा सोडला नाही. बाई म्हणाल्या तेच, ते चर्चचं, हे आपलं.

दोन्हींच्या मध्ये उभी असलेली एक जागाही सांगतो. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला सम्राज्ञी इरिनी दुकेनाने कॉन्स्टँटिनोपलमध्ये बायकांसाठी मठ बांधला, त्याचं नाव केख़ारितोमेनी. मठाची नियमावली अजून शिल्लक आहे. तिची मुलगी आना कोम्निनी, बापाच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिणारी, तिने राजकारणात हरल्यावर तिथेच दिवस काढले.

---

अवग्रह | २७ मार्च, रात्री ८:४४

+१. एकच जोडतो. रूप कर्मणि असूनही 'ख़ारितोमेनी' म्हणताना कोणी विचारत नाही की खारिस दिली कुणी. अथेना नाही, देव नाही. कर्ता गळून गेला, स्थिती राहिली. धातुसाधित विशेषणं जुनी झाली की असंच होतं. 'लाडावलेलं पोर' म्हणतो तेव्हा आपण पोराकडेच बघतो.

---

खवचट_काका | २७ मार्च, रात्री ८:५०

आमच्याकडे कर्ता गळत नाही. 'आजीने लाडावलेलं' असंच म्हणतात, आजीच्या समोर.

---

बंदरकाठची | २८ मार्च, दुपारी ४:२०

सगळ्यांचे एफ़्ख़ारिस्तो. आज जिन्यात बाईंना अथेनाची गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. माझ्या ग्रीकमध्ये ती अशी झाली : देवी, नदी, माणूस घाण, देवी वरून ख़ारी टाकते, माणूस छान. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, हे आम्हाला शाळेत होतं. मग माझ्याच गालाला हात लावून, "ती ख़ारितोमेनी!"

वय वर्षं अडतीस. इथे याचा अर्थ गोंडस, लाघवी की 'बिचारी प्रयत्न करतेय', ते मीठभाकर यांनी सांगावं.

---

मीठभाकर | २८ मार्च, संध्याकाळी ५:०२

तिसरा.